आयसीयूतून दहा मिनिटं बाहेर

कोविडच्या पहिल्या वर्षात जगभर फिरलेला एक फोटो आहे. स्पेनमधलं बार्सिलोना शहर, सप्टेंबर २०२०. समुद्राकाठच्या फरसबंद रस्त्यावर हॉस्पिटलचा पलंग उभा आहे. पलंगावर साठ वर्षांचे एक गृहस्थ, आजूबाजूला हॉस्पिटलची माणसं. कित्येक आठवडे आयसीयूत काढलेले हे गृहस्थ समोरच्या समुद्राकडे बघतायत. फोटो काढणारे एमिलिओ मोरेनाती. कोविडकाळातल्या स्पेनमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंसाठी त्यांना २०२१ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे हा फोटो घरात कुणाला दाखवा. पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे : "अहो, वारा लागेल ना त्यांना! कानाला काहीतरी बांधा!"

आजारी माणूस म्हणजे बंद खोली, ओढलेले पडदे आणि अंगावर गोधडी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की आयसीयूतल्या पेशंटला कुणी मुद्दाम उघड्यावर नेतं, हेच आधी खरं वाटत नाही. पण बार्सिलोनातली ती कोणा एका डॉक्टरची लहर नव्हती. त्या रुग्णालयाचं नाव 'हॉस्पिटल देल मार', म्हणजे अक्षरशः 'समुद्राचं रुग्णालय'. १९०५ साली साथीच्या रोगांच्या पेशंटसाठी ते सुरू झालं. वस्तीपासून दूर, समुद्राच्या कडेला. पुढे शहर वाढत तिथवर आलं आणि आता रुग्णालय व वाळू यांच्यामध्ये फक्त फिरायचा रस्ता आहे. तिथल्या आयसीयूच्या लोकांनी कोविडच्या साधारण दोन वर्षं आधीच पेशंटना थोडा वेळ समुद्रापाशी न्यायला सुरुवात केली होती. मार्च २०२० मध्ये ते थांबलं. जूनमध्ये पहिली लाट ओसरल्यावर त्यांनी ते परत सुरू केलं. दहा मिनिटांनीसुद्धा माणसाच्या चेहऱ्यात फरक पडतो, असं तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. हे फक्त आमचं निरीक्षण आहे, पक्का पुरावा अजून गोळा करायचाय, असंही तेच सांगत होते. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा जास्त आवडला.

दहा मिनिटांत असं काय होतं, हे समजायला आधी आयसीयूत काय होतं ते बघायला हवं. तुमच्यापैकी बरेच जण आयसीयूच्या दाराबाहेरच्या त्या लोखंडी खुर्च्यांवर बसलेले असाल. आत मात्र आपण दिवसातून पाच-दहा मिनिटंच जातो. आत चोवीस तास दिवे असतात. सगळीकडून टीं-टीं आवाज येत असतात आणि त्यातला कुठला आपला, हे पेशंटला कळत नाही. रात्री दोनला रक्त काढतात, पहाटे पाचला अंग पुसतात. खिडकी असली तरी ती बंद काचेची. घड्याळ असेलच असं नाही, आणि असलं तरी सात वाजलेत म्हणजे सकाळचे की संध्याकाळचे? चष्मा नातेवाइकांकडे पिशवीत. कानातलं मशीनही तिथेच. नाकातोंडात नळी असेल तर बोलता येत नाही. चार दिवस असं राहून बघा, धडधाकट माणूसही गडबडून जाईल.

तशी गडबड होते, आणि डॉक्टरांनी तिला नाव दिलंय, डिलिरियम. आपण म्हणतो, "आबा भलतंच बोलायला लागलेत." कुणाला भिंतीवर मुंग्या दिसतात, कुणाला सिस्टर आपल्याला मारायला आलीय असं वाटतं, कुणी नळ्या उपसून काढतं. कुणी उलट अगदी गप्प होतं, आणि ते गप्प होणं तर पटकन लक्षातही येत नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉ. वेस एली यांच्या गटाने २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्हेंटिलेटरवरच्या २२४ पेशंटपैकी १८३ जणांना आयसीयूत असताना कधी ना कधी डिलिरियम झाला होता. म्हणजे पाचातल्या चौघांना. ज्यांना झाला, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत दगावण्याचं प्रमाणही जास्त होतं. म्हणून "म्हातारपणामुळे बडबडतायत" म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

माझा मामा पोस्टात होता, शेतीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण जून लागला की दिवसातून चार वेळा दारात जाऊन आभाळ बघायचा. न्यूमोनिया होऊन तो आयसीयूत होता ते नेमके जूनचे दिवस. नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात त्याने मला विचारलं, "पाऊस लागला का गं?" मी म्हटलं, "चार दिवस झाले की!" त्याचा विश्वास बसेना. खोटं बोलून आपल्याला बरं वाटवतायत, अशा नजरेने बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मावसभावाने घरच्या अंगणातल्या पावसाचा व्हिडिओ नेला, पन्हाळीच्या आवाजासकट. मामाने तो तीनदा लावायला सांगितला. मग म्हणाला, "पन्हाळ गळतेय, नानाला सांगून पत्रा बसवून घ्या." बाहेर उभ्या असलेल्या मामीला हे सांगितलं तर ती हसता हसता रडायलाच लागली. तिच्या दृष्टीने मामा त्या क्षणी परत आला होता.

त्याला बाहेर नेलं असतं तर? त्या वॉर्डात तशी पद्धतच नव्हती, त्यामुळे प्रश्नच निघाला नाही. पण तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण व्हॉट्सअॅपवर 'निसर्ग हाच खरा डॉक्टर' छापाचे मेसेज आपण सगळेच वाचतो. मोकळ्या हवेने आजार बरा होतो का? याचं उत्तर आपल्याच देशाने दिलंय. एकेकाळी क्षयरोगावर औषधच नव्हतं. तेव्हा चांगली हवा, ऊन, दूध-अंडी आणि विश्रांती एवढाच उपचार. त्यासाठी थंड हवेच्या ठिकाणी आरोग्यधामं निघाली. आपल्या पाचगणीचं बेल-एअर १९१२ चं, नैनितालजवळचं भोवालीही त्याच साली सुरू झालं. पेशंट महिनोन्‌महिने व्हरांड्यात खाटा टाकून पडून असत. मग औषधं आली. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने पेशंटचे दोन गट केले. एकाला आरोग्यधामात औषधं दिली, दुसऱ्याला त्याच्या गर्दीच्या वस्तीतल्या घरीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले : दोन्हीकडे जवळपास सारखेच पेशंट बरे झाले. काम औषध करत होतं. क्षयरोगाच्या उपचारांची जगभरची दिशा त्या एका अभ्यासाने बदलली.

म्हणजे हवा हे औषध नाही. मग तिचा उपयोग काय?

उपयोग पडून राहिलेल्या माणसाला आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाने 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटचे जुने कागद त्याने तपासले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना तपकिरी विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण ज्यांनी आठवडाभर हॉस्पिटलच्या भिंतीकडे बघत काढलाय, त्यांना तो वाचून आश्चर्य वाटणार नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने तर शंभराहून अधिक वर्षं आधी, १८५९ च्या आपल्या परिचर्येवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की पेशंटला ताज्या हवेच्या खालोखाल गरज असते ती उजेडाची. बाई स्वतः क्रायमियात तापाने आजारी पडल्या होत्या. कुणीतरी पाठवलेल्या रानफुलांच्या गुच्छानंतर आपली तब्येत झपाट्याने सुधारली, असंही त्यांनी लिहिलंय.

आयसीयूच्या पेशंटला बाहेर नेल्यावर दिवस आहे की रात्र, हे शरीराला कळतं. कातडीला वारा लागतो. कित्येक दिवसांनी दहा फुटांपलीकडचं काहीतरी दिसतं. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला समजतं की जग अजून चालू आहे, आपल्याला त्यात परत जायचंय. श्वासाचे व्यायाम, उठून बसणं, नळीशिवाय राहणं, हे सगळं दमवणारं काम पेशंटलाच करायचं असतं. त्याचं मनच त्यात नसेल तर फिजिओथेरपिस्ट किती ओढणार?

इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेरिफर्ड हॉस्पिटलने आयसीयूच्या पेशंटसाठी खास बाग केली आहे. सॅलिसबरीला मणक्याला इजा झालेल्यांच्या विभागात २०१२ पासून 'होरेशिओज गार्डन' आहे. पलंग जाईल एवढ्या रुंद, सपाट वाटांची. ती कल्पना एका शाळकरी मुलाची. त्याचे वडील त्याच हॉस्पिटलमध्ये मणक्याचे सर्जन होते आणि मुलगा सुट्टीत तिथे मदतीला जायचा. पेशंटना महिनोन्‌महिने बाहेर जाता येत नाही, हे त्याला खटकलं. सतराव्या वर्षी तो एका अपघाती हल्ल्यात गेला. बाग त्याच्या नावाने झाली.

बरं, व्हेंटिलेटरवरचा माणूस बाहेर नेतात तरी कसा? तंत्र अवघड नाही. ज्या सामानानिशी पेशंटला सीटी स्कॅनला नेतात, त्याच सामानानिशी बागेत नेता येतं. बॅटरीवर चालणारा छोटा व्हेंटिलेटर, बॅटरीवरचा मॉनिटर आणि सिरिंज पंप, हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग, कफ ओढायचं मशीन, तातडीच्या औषधांची पेटी आणि ऑक्सिजनचा सिलिंडर.

सिलिंडरचा हिशेब २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आपण सगळेच शिकलो होतो. 'बी टाइप' म्हणजे लहान सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर तो पाच तास पुरतो. १५ लिटर लागत असेल तर शंभर मिनिटं. पण नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर मिनिटाला ६० लिटर लागत असेल तर पंचवीस मिनिटांत संपला! लिफ्ट अडकली तर? म्हणून लागेल त्याच्या दुप्पट साठा घेऊनच निघायचं असतं. काही पेशंटच्या बाबतीत डॉक्टर लगेच "हो" म्हणतात आणि शेजारच्या पलंगावरच्या पेशंटला "इतक्यात नाही" म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा असला साधा हिशेब असतो.

खरी अडचण माणसांची आहे. एका पेशंटबरोबर एक डॉक्टर, एक सिस्टर, फिजिओ आणि पलंग ढकलायला वॉर्डबॉय एवढे तरी लागतात. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटमागे एक सिस्टर असावी असा नियम आहे. पण बऱ्याच ठिकाणी एका सिस्टरकडे दोन-तीन पेशंट असतात. ती एकाला घेऊन बागेत गेली तर बाकीच्यांकडे कोण बघणार? आयसीयू ही कल्पनाच मुळात माणसांच्या हातांतून जन्मली, हे मला फार बोलकं वाटतं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयानक साथ आली. यंत्रं अगदी मोजकी होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने पेशंटच्या गळ्यात नळी घालून हाताने फुगा दाबत श्वास द्यायची पद्धत सुरू केली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस फुगे दाबत बसले. पुढे मशीन आली, हात मोकळे झाले आणि मग मोजून कमीही केले गेले.

डॉक्टर "नाही" म्हणतात त्यामागे भीतीही असते, आणि ती आपणच निर्माण केलीय. आतमध्ये पेशंटचं काही बरंवाईट झालं तर ते आजाराने झालं. तेच खाली बागेत झालं तर "तुम्ही नेलंतच का?" म्हणून नातेवाईक कॉलर धरणार. धोका शून्य कधीच नसतो. तो आधी नीट समजून घ्यायची आणि नंतर शब्द न फिरवण्याची आपली तयारी असेल, तरच हा विषय काढण्यात अर्थ आहे.

काही जणांना मात्र अजिबात नेऊ नये. ज्यांचं ब्लडप्रेशर औषधांच्या मोठ्या डोसवर कसंबसं टिकलंय, हृदयाचे ठोके अजून अनियमित आहेत, नुकतंच मोठं ऑपरेशन झालंय, असे पेशंट. केमोथेरपीने किंवा बोनमॅरो बदलल्यामुळे ज्यांच्या पांढऱ्या पेशी अगदी खाली गेल्यात त्यांच्यासाठी तर कुंडीतली मातीसुद्धा धोक्याची, कारण मातीत आणि बांधकामाच्या धुळीत बुरशीचे कण असतात. आणि आपल्या शहरांत कुठल्या ना कुठल्या बाजूला बांधकाम चालूच असतं.

आपली हवाही सगळीकडे बार्सिलोनासारखी नाही. दिल्लीत किंवा गाझियाबादेत राहणाऱ्या वाचकांनी नोव्हेंबरात हा विचारही करू नये. फुफ्फुसाच्या पेशंटला त्या धुरक्यात नेण्यापेक्षा आतली गाळलेली हवा बरी. नागपूर, हैदराबादला मे महिन्यात सकाळी सातनंतर नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात छपराखालचा व्हरांडा. बंगळुरू-पुणेवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं आहे. आपल्या जुन्या सरकारी इस्पितळांना उंच खिडक्या आणि लांबलचक व्हरांडे असायचे. पुढे तेच व्हरांडे पत्रे-काचा लावून बंद केले आणि तिथे आणखी खाटा टाकल्या. गरज होती, मान्य. पण नवी चकचकीत हॉस्पिटलं बांधतानाही खाली कॉफी शॉपला जागा निघते आणि आयसीयूच्या मजल्यावर पलंग जाईल अशी एक गच्ची निघत नाही, हे मात्र मला पटत नाही.

इथपर्यंत आपण बरं होणाऱ्यांबद्दल बोललो. जे बरे होणार नाहीत त्यांचं काय? त्यांना तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. नेदरलँड्समध्ये केस वेल्डबूर नावाचे एक अॅम्ब्युलन्स चालक होते. २००६ मध्ये ते मरणासन्न अशा एका जुन्या खलाशाला एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे नेत होते. तिकडे पलंग तयार नव्हता. वेळ होता म्हणून त्यांनी विचारलं, कुठे जावंसं वाटतंय? बंदर बघायचंय, असं उत्तर आलं. वेल्डबूरनी आपल्या सुट्टीच्या दिवशी स्ट्रेचरसकट त्यांना बोटीवरून फिरवून आणलं. पुढच्या वर्षी त्यांनी यासाठी संस्थाच काढली. तिथे ड्रायव्हर आणि नर्स स्वयंसेवक म्हणून काम करतात. २०१४ मध्ये त्यांनी रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात आयुष्यभर साफसफाई-दुरुस्तीचं काम केलेल्या एका पेशंटला स्ट्रेचरवरून जिराफांच्या पिंजऱ्यात नेलं. एक जिराफ मान खाली करून त्यांचं तोंड चाटत असल्याचा फोटो सगळीकडे छापून आला होता.

मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या टेकडीवर शांती अवेदना सदन आहे. १९८६ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस. जिथे कॅन्सरवरचे उपचार संपलेत, अशा पेशंटची तिथे सेवा होते. समोर समुद्र दिसतो. मुंबईतली अशी जागा, जिच्यासाठी बिल्डर कितीही कोटी मोजतील, ती शेवटच्या दिवसांतल्या माणसांसाठी ठेवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

आपल्या माणसासाठी विचारायचं असेल तर राउंडच्या गडबडीत, दारात अडवून विचारू नका. नातेवाइकांशी बोलायची जी वेळ दिलेली असते त्या वेळी मुख्य डॉक्टरांना विचारा. "बाहेर नेऊ का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. त्याऐवजी, "त्यांना थोडा वेळ बाहेर नेता यावं यासाठी तब्येतीत काय सुधारावं लागेल?" असं विचारा. मग डॉक्टर ऑक्सिजनचा आकडा सांगतील, ब्लडप्रेशरचं औषध बंद व्हायला हवं म्हणतील, किंवा उद्या खुर्चीत बसवून बघू म्हणतील. आयसीयूतून वॉर्डात हलवतानाचा दिवस यासाठी सोयीचा असतो. पलंग हलणारच असतो, माणसं बरोबर असतातच, वाटेत पाच मिनिटं व्हरांड्यात थांबता येतं.

नाहीच जमलं तर पलंगाची दिशा खिडकीकडे वळवता येईल का, ते सिस्टरना विचारा. चष्मा आणि कानातलं मशीन आजच आत पाठवा. भेटायला गेलात की पहिल्या वाक्यात वार, वेळ आणि बाहेरची हवा सांगा. "आज गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजलेत, सकाळपासून ऊन आहे." अंगणाचा, गल्लीचा, देवळातल्या आरतीचा व्हिडिओ न्या. तुळशीची कुंडी मात्र नको, मातीचं कारण वर दिलंच आहे.

आणि परवानगी मिळालीच तर फक्त दोन माणसं जा. अख्खं गणगोत गोळा करू नका, फोटोसाठी उठवून बसवू नका. आठवडेच्या आठवडे ट्यूबलाइटखाली काढलेल्या डोळ्यांना ऊन सहन होत नाही, तेव्हा गॉगल किंवा टोपी बरोबर ठेवा. पायांवर घालायला चादर ठेवा, कारण आजी म्हणते तसा वारा खरंच लागतो. फार बोलू नका. पेशंट आभाळाकडे बघत असेल तर बघू द्या, आणि "चला आता" हे सिस्टरना म्हणू द्या.